डेक्कन कॉलेज: एक वाडा, एक दगडी इमारत आणि एक दावा

मुंबई सरकारने १९३४ साली पुण्याचे डेक्कन कॉलेज बंद केले. विश्रामबाग वाड्यात १८२१ साली उघडलेल्या पाठशाळेपासून मोजले, तर त्या वेळी संस्थेला एकशे तेरा वर्षे झाली होती. टिळक, आगरकर, विष्णुशास्त्री चिपळूणकर आणि वि. का. राजवाडे जिथे शिकले, रा. गो. भांडारकरांनी जिथे संस्कृत शिकवले, ते महाविद्यालय काटकसरीच्या नावाखाली बंद व्हावे, हे माजी विद्यार्थ्यांनी निमूटपणे सोसले नाही. ते न्यायालयात गेले. १७ ऑगस्ट १९३९ रोजी येरवड्याच्या त्याच दगडी इमारतीत संस्था पुन्हा सुरू झाली. पण पाच वर्षांपूर्वी जे बंद झाले होते, ते काही उघडले नाही. बी.ए.चे वर्ग आणि त्या वर्गांभोवती वाढलेले वसतिगृहाचे जीवन कायमचे गेले, आणि त्यांच्या जागी पदव्युत्तर अध्यापन व संशोधन करणारी संस्था आली.

या प्रकरणाचा उल्लेख बहुधा माजी विद्यार्थ्यांच्या विजयाची गोष्ट म्हणून होतो, आणि तो विजय होताच. परंतु संस्थेचा सगळा इतिहास डोळ्यांसमोर ठेवला, तर दोन प्रश्न उरतात. ज्या कॉलेजने पुण्याच्या सार्वजनिक जीवनाला दोन पिढ्या माणसे पुरवली, ते सरकारला नकोसे का झाले? आणि दाव्यानंतर जे परत मिळाले, ते संस्थेच्या कोणत्या काळाशी अधिक जुळणारे होते? माझे उत्तर असे, की १९३९ साली जे उघडले त्याचे नाते १८६८ साली येरवड्यात आलेल्या कॉलेजपेक्षा १८२१च्या पाठशाळेशी जवळचे आहे. ते ध्यानात येण्यासाठी आधी वाड्यात जावे लागते.

एक खुलासा इथेच केलेला बरा. पुण्यात 'डेक्कन' म्हटले की रिक्षावाला डेक्कन जिमखान्यावर नेऊन सोडतो, आणि डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे म्हणून फर्ग्युसनलाच डेक्कन कॉलेज समजणारेही भेटतात. येथे ज्याची हकिगत आहे ते डेक्कन कॉलेज शहराच्या दुसऱ्या टोकाला, मुळा-मुठेच्या पलीकडे आहे. या नावांच्या गोंधळालाही प्रस्तुत प्रकरणात एक स्थान आहे; ते पुढे येईल.

वाड्यातील पाठशाळा

श्रावणमासात विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा वाटण्याची प्रथा सेनापती खंडेराव दाभाड्यांनी तळेगावात चालवली होती. पुढे ती पेशव्यांकडे आली आणि पुण्यात वाढत गेली. पर्वतीच्या पायथ्याशी रमण्यात हजारोंनी ब्राह्मण जमत आणि दक्षिणा घेऊन परतत. १८१८ साली पेशवाई बुडाली, तेव्हा ही दक्षिणा एकदम बंद केली तर पुण्यातील सर्वांत बोलका वर्ग दुखावेल, हे माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने ओळखले होते. त्याने दक्षिणा पूर्णपणे मोडली नाही. तिचा काही भाग विद्येकडे वळवण्याचे ठरवले. एल्फिन्स्टन मुंबईचा गव्हर्नर झाल्यावर दख्खनचा कमिशनर म्हणून आलेल्या विल्यम चॅप्लिनच्या कारकिर्दीत, ६ ऑक्टोबर १८२१ रोजी, विश्रामबाग वाड्यात संस्कृत पाठशाळा सुरू झाली. या धोरणात विद्याप्रेम किती आणि राजकारण किती, यावर वाद घालता येईल. राजकारण निश्चितच होते.

वाडा दुसऱ्या बाजीरावाचा. एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात त्याने तो हौसेने बांधला. रस्त्यावरच्या दर्शनी भागाची लाकडी मेघडंबरी आणि आतले कोरीव सुरूदार खांब आजही पाहणाऱ्याला थांबवतात. खाली फुगीर आणि वर निमुळता होत जाणारा तो खांब, त्यावर केळफुलासारखे कोरीवकाम, आणि खांबांच्या रांगेतून चौकात उतरणारा उजेड, असे हे घर विलासासाठी बांधलेले होते. बाजीराव बिठूरला गेल्यावर त्या चौकांच्या सोप्यांवर शास्त्री बैठक मारून बसले आणि न्याय, व्याकरण, अलंकार, ज्योतिष, वेदांत, धर्मशास्त्र, वैद्यक असे विषय शिकवू लागले. जुन्या पद्धतीच्या विद्येला लागते ती बैठक, पोथी आणि पाठांतर. त्यासाठी वाड्याची रचना अडचणीची नव्हती. शास्त्र्यांना पगार होता आणि विद्यार्थ्यांनाही वेतन मिळे. विद्वानाने पोटापाण्याची विवंचना न करता आपल्या शास्त्रात बुडून राहावे आणि त्याचा खर्च राज्याने उचलावा, ही दक्षिणेमागची कल्पना वाड्यात नव्या रूपात चालू राहिली.

या व्यवस्थेची मर्यादाही तिच्याच पायात होती. दक्षिणा ब्राह्मणांची, म्हणून पाठशाळाही ब्राह्मणांचीच. ज्या पुण्यात मुलींच्या आणि अस्पृश्य मानलेल्या मुलांच्या शाळा काढणाऱ्या जोतीराव फुल्यांना घर सोडावे लागले, त्याच पुण्यात सरकारी पैशाने चालणारी ही पाठशाळा एका जातीपुरती होती. तिच्या वाड्यातच १६ नोव्हेंबर १८५२ रोजी फुल्यांचा शालजोडी देऊन सत्कार झाला, आणि तो मेजर थॉमस कँडी यांच्या हस्ते झाला. ज्या चौकात शूद्रांना वेदाधिकार नसल्याचे शास्त्र शिकवले गेले, तिथे माळ्याच्या मुलाच्या खांद्यावर सरकारी शाल पडली. हा प्रसंग संस्थेच्या गौरवगाथेत फारसा सांगितला जात नाही. माझ्या मते तो कॉलेजात जपून ठेवलेल्या टिळकांच्या खोलीइतकाच सांगण्यासारखा आहे.

कँडींचे नाव मराठी वाचकाला वेगळ्या कारणाने ठाऊक असते. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाच्या कामात ते होते, आणि आपण आज स्वल्पविराम, अर्धविराम, पूर्णविराम म्हणून जी चिन्हे वापरतो, ती मराठीत रुजवण्याचे श्रेय त्यांना दिले जाते. १८३७ पासून पाठशाळेची देखरेख त्यांच्याकडे आली आणि संस्थेचा कल हळूहळू बदलू लागला. कृष्णशास्त्री चिपळूणकर याच पाठशाळेत घडले. जुन्या शास्त्रांत पारंगत होऊन ते इंग्रजीही शिकले आणि पुढे त्यांनी तेथेच अध्यापन केले. १८५१ साली पाठशाळा आणि पुण्यातील सरकारी इंग्रजी शाळा एकत्र करून 'पूना कॉलेज' करण्यात आले. त्याच सुमारास दक्षिणेच्या रकमेतून चांगल्या मराठी ग्रंथांना बक्षिसे देण्यासाठी दक्षिणा प्राइझ कमिटी स्थापन झाली, म्हणजे रमण्यावरचा पैसा आता छापखान्याकडे निघाला होता. काही वर्षांनी एडविन आर्नोल्ड प्राचार्य होऊन आले. बुद्धचरित्रावरच्या काव्याने पुढे इंग्लंडात गाजलेले कवी ते हेच.

येथपर्यंत वाडा पुरला. पण वर्ग, फळा, बाके, प्रयोगशाळा, ग्रंथालय आणि ठरलेल्या वेळी वाजणारी घंटा असा संसार घेऊन येणारे इंग्रजी पद्धतीचे कॉलेज चौकसोप्यांत कसे मावावे? त्यातून वाडा ऐन सदाशिव पेठेच्या गजबजाटात. कॉलेज शहराबाहेर, मोकळ्या हवेत आणि प्राध्यापकांच्या नजरेखाली असावे, असे मानणाऱ्या सरकारला दुसरी जागा हवी होती.

जीजीभॉय यांचा लाख रुपया

ती जागा आणि इमारत शक्य झाली सर जमशेटजी जीजीभॉय घराण्याच्या देणगीमुळे. नव्या इमारतीसाठी या घराण्याकडून एक लाख रुपये आले. पुण्याशी त्यांचा संबंध जुना होता. बंडगार्डनजवळ नदीवर जो बंधारा आहे, त्यालाही त्यांचाच पैसा लागला होता. १५ ऑक्टोबर १८६४ रोजी गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांनी कोनशिला बसवली, आणि पूना कॉलेजचे नाव डेक्कन कॉलेज झाले. बांधकामावर एकूण अडीच लाखांच्या आसपास खर्च झाला, म्हणजे दोन-पंचमांश रक्कम देणगीची आणि बाकी सरकारची. हे प्रमाण लक्षात ठेवण्याजोगे आहे; सत्तर वर्षांनी न्यायालयात त्याचीच आठवण निघाली.

आराखडा रॉयल इंजिनिअर्स या ब्रिटिश लष्करी अभियंता दलातील हेन्री सेंट क्लेअर विल्किन्स यांचा. काळ्या-करड्या बेसाल्टची ही इमारत गॉथिक शैलीची आहे. मधोमध दुमजली मुख्य भाग, दोन्ही बाजूंना पंख, कडेने टोकदार कमानींची ओवरी, चढत्या उताराची छपरे आणि कोपऱ्यावर मनोरा. इंग्लंडातील जुन्या विद्यापीठांत जशी चौकोनी अंगणाभोवती कमानींची ओवरी असते, तशी ती मुद्दाम येथे आणलेली आहे. गंमत अशी, की मराठी माणसाला मध्ये अंगण आणि भोवती खांबांची ओवरी असलेले घर नवीन नव्हते. विश्रामबागेतून येरवड्याला गेलेल्या विद्यार्थ्याने चौक सोडून चौकच पाहिला, फक्त लाकडाचा दगड झाला आणि चौकाची एक बाजू मोकळी राहिली. पुण्याच्या उन्हाळ्यात दुपारी एक वाजता या ओवरीत उभे राहिले, की दगडाचा गारवा पाठीला जाणवतो आणि कमानीतून पलीकडचे रान पांढरे पडलेले दिसते. विल्किन्सने गॉथिक विलायतेहून आणले असले, तरी ही ओवरी या हवेला चांगली मानवली.

मार्च १८६८ मध्ये कॉलेज येथे हलले. भोवती शंभरांहून अधिक एकर जमीन आणि विद्यार्थ्यांसाठी राहण्याच्या खोल्या. शहरातून रोज पायी येणे सोपे नव्हते. विश्रामबागेपासून अंतर सुमारे दोन कोसांचे, आणि मध्ये नदी. त्यामुळे कॉलेजात शिकणे आणि कॉलेजात राहणे या दोन गोष्टी जवळजवळ एक झाल्या. सरकारच्या दृष्टीने हेतू शिस्तीचा असेल. परिणाम निराळा झाला.

खोल्यांतील विद्यापीठ

घरापासून तुटलेली, एकाच वयाची, हुशार आणि बहुतेक गरीब मुले चार-पाच वर्षे एकत्र राहिली की काय होते, याचे डेक्कन कॉलेज हे महाराष्ट्रातील पहिल्या मोठ्या उदाहरणांपैकी एक. वर्गात वर्डस्वर्थसारखे प्राध्यापक, कवी वर्डस्वर्थचे नातू, इंग्रजी वाङ्मय आणि इतिहास शिकवत. संस्कृतसाठी फ्रान्झ कीलहॉर्न आणि नंतर, १८८२ पासून, भांडारकर होते. वर्गातला अभ्यास मिल आणि स्पेन्सर या इंग्रज विचारवंतांपर्यंत नेई, आणि खोलीवर परतल्यावर मिल आणि स्पेन्सर पुण्याला लावून पाहिले जात.

टिळकांच्या कॉलेजच्या दिवसांच्या गोष्टी महाराष्ट्रात इतक्या वेळा सांगितल्या गेल्या आहेत, की त्यांच्यातला माणूस पुसट झाला आहे. पहिल्या वर्षी त्यांनी पुस्तकांपेक्षा तालमीकडे लक्ष दिले, वर्ष गमावले आणि त्याबद्दल कधी खंत केली नाही. तोंडावर खरे बोलण्याच्या सवयीमुळे मित्र त्यांना 'मिस्टर ब्लंट' म्हणत आणि खोड्यांमुळे 'डेव्हिल'. १८७६ साली ते गणित घेऊन पहिल्या वर्गात बी.ए. झाले आणि कायद्याच्या अभ्यासासाठी तिथेच राहिले. टेंभूहून आलेले आगरकर दुसऱ्या टोकाचे. सदरा एकच, तो रात्री धुवायचा, वाळत घालायचा आणि सकाळी अंगात घालायचा. याच काळात त्यांनी आईला लिहून कळवले, की मोठा पगार मिळवणारा मुलगा तिने डोळ्यांपुढे आणू नये, आपण पोटापुरते मिळवून उरलेला वेळ लोकांच्या कामी लावणार आहोत. इतके कठोर पत्र इतक्या मायेने लिहिलेले मराठीत दुसरे क्वचितच असेल.

१८७९ च्या सुमारास हे दोघे कॉलेजच्या परिसरात फिरता फिरता जे बोलत होते, त्यातून या प्रकरणाचा पुढचा सगळा गुंता निघाला. सरकारी नोकरी न करता, एतद्देशीयांनी एतद्देशीयांसाठी शाळा काढायच्या, हा निश्चय तिथे पक्का झाला. विष्णुशास्त्री चिपळूणकर, म्हणजे पाठशाळेच्या कृष्णशास्त्र्यांचे चिरंजीव आणि येरवड्याचे १८७२चे बी.ए., सरकारी शिक्षकाची नोकरी सोडून याच विचाराने पुण्यात आले होते. १ जानेवारी १८८० रोजी न्यू इंग्लिश स्कूल सुरू झाले. १८८४ साली डेक्कन एज्युकेशन सोसायटी. १८८५ साली फर्ग्युसन कॉलेज. नावांचा गोंधळ येथून सुरू होतो: सरकारी डेक्कन कॉलेजातल्या मुलांनी खासगी संस्था काढली आणि तिलाही 'डेक्कन' म्हटले.

सरकारी कॉलेजच्या खोल्यांत शिजलेल्या विचाराने सरकारी कॉलेजला पर्याय उभा केला. फर्ग्युसन शहराच्या जवळ होते, लोकांच्या पैशावर उभे होते आणि तिथले प्राध्यापक अल्प वेतनावर आयुष्य वेचण्याची शपथ घेऊन आले होते. पुढे १९१६ साली शिक्षण प्रसारक मंडळीने न्यू पूना कॉलेज काढले, तेच आजचे सर परशुरामभाऊ महाविद्यालय. आता पुण्याच्या पेठांतील मुलाला बी.ए. होण्यासाठी नदी ओलांडावी लागत नव्हती. डेक्कन कॉलेजच्या माजी विद्यार्थ्यांनीच, आपल्या नकळत, त्याच्या बंद होण्याची तयारी पन्नास वर्षे आधी करून ठेवली होती.

जुन्या वाड्याचे काय झाले, तेही येथे नोंदवले पाहिजे. १३ मे १८७९ च्या रात्री बुधवार वाडा आणि विश्रामबाग वाडा या दोहोंना आग लावण्यात आली. बुधवार वाडा पार जळाला. विश्रामबागेचा काही भाग गेला आणि उरलेला वाचला. पुढे तिथे सरकारी हायस्कूल आणि नंतर नगरपालिका असे वेगवेगळे बिऱ्हाडकरू आले. कॉलेज तिथेच राहिले असते, तर त्याचे ग्रंथालय त्या रात्री धोक्यात आले असते.

सरकारने हात काढून घेतला

डेक्कन कॉलेजला विद्वानांच्या जगात जे स्थान होते, त्यातला मोठा वाटा हस्तलिखितांचा. मुंबई सरकारने १८६८ पासून संस्कृत हस्तलिखिते शोधून विकत घेण्याचे काम सुरू केले होते आणि १८७८ पासून तो संग्रह येरवड्यात होता. कीलहॉर्न, भांडारकर आणि त्यांच्या मागून आलेल्यांनी तो वाढवला. १९१७ साली भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिर स्थापन झाल्यानंतर हा सरकारी संग्रह, सतरा हजारांहून अधिक हस्तलिखिते, तिकडे गेला. भांडारकर संस्थेच्या दृष्टीने तो मानाचा क्षण होता आणि हस्तलिखितांची तिथे उत्तम निगा राहिली, यात शंका नाही. पण ज्या कारणासाठी एखादा अभ्यासक मुद्दाम टांगा करून येरवड्याला आला असता, ते कारण गेले. उरले ते सरकारी खर्चाने चालणारे एक कला महाविद्यालय, आणि तशी शहरात आणखी दोन होती.

तरीही वर्ग ओस पडले होते असे नाही. गुरुदेव रा. द. रानडे, सेनापती बापट, पुढे भारताचे सरन्यायाधीश झालेले प्र. बा. गजेंद्रगडकर ही विसाव्या शतकातील विद्यार्थ्यांची नावे आहेत. परंतु १९२९ नंतरच्या जागतिक मंदीत प्रांतिक सरकारचा महसूल आटला, काटकसरीची कात्री सगळ्या खात्यांवर चालली, आणि ज्या शहरात खासगी कॉलेजे आहेत तिथे सरकारने स्वतंत्र कॉलेज का चालवावे, हा प्रश्न हिशेबाच्या वहीत सोपा दिसू लागला. पगार आणि डागडुजी या खर्चांपुढे टिळकांची खोली किंवा भांडारकरांची व्याख्याने मांडता येत नाहीत. टिळकांचे कॉलेज म्हणून सरकारच्या मनात अढी होती, असेही म्हटले जाते. तसे असो वा नसो, पैशाचे कारण एकटेही पुरेसे होते. १९३४ साली दारे लागली.

दाव्याचा मुद्दा

माजी विद्यार्थ्यांचे म्हणणे भावनेवर उभे असते, तर ते वृत्तपत्रांतच विरून गेले असते. त्यांच्या हाती आणखी काही होते. इमारतीसाठी लाख रुपये सरकारच्या तिजोरीतून आले नव्हते. ते एका कुटुंबाने एका ठरावीक कामासाठी दिले होते, आणि सरकारने ते त्या कामासाठीच स्वीकारले होते. कॉलेज चालावे म्हणून दिलेल्या पैशाने उभी राहिलेली इमारत कॉलेज बंद करून सरकारला हवी तशी वापरता येते का? मालक म्हणून सरकार काहीही करू शकते. विश्वस्त म्हणून नाही. सगळा वाद या एका शब्दावर येऊन ठेपला.

हा मुद्दा आज साधा वाटतो, पण त्या काळी त्याला धार होती. वासाहतिक सरकार स्वतःला शिक्षणाचे दाते समजत असे, आणि दात्याने दान थांबवले तर घेणाऱ्याने कुरकुर करू नये, ही त्याची धारणा. माजी विद्यार्थ्यांनी नाते उलटे मांडले. दाता जीजीभॉय घराणे, लाभार्थी पुण्याचा समाज, आणि सरकार म्हणजे मध्ये ठेव सांभाळणारा. धर्मशाळेच्या दगडी पाटीवर 'अमक्याने अमक्याच्या स्मरणार्थ बांधली' असे कोरलेले असते, तेव्हा पंच ती धर्मशाळा गोदाम म्हणून भाड्याने देऊ शकत नाहीत, हे खेड्यातल्या माणसालाही कळते. तेच तत्त्व येथे प्रांतिक सरकारला लागू करून मागितले गेले.

न्यायालयीन लढाई चालू असताना राजकीय हवाही पालटली. १९३७ साली प्रांतांत निवडून आलेली मंत्रिमंडळे आली आणि मुंबई प्रांताची सूत्रे बाळासाहेब खेर यांच्याकडे गेली. नवे सरकार परक्यांचे नव्हते. डेक्कन कॉलेज ही ज्यांच्या राजकीय पूर्वजांची कर्मभूमी, अशा माणसांचे ते सरकार होते. तरी जुन्या सरकारचा आर्थिक युक्तिवाद नव्या सरकारपुढेही तसाच उभा होता, कारण पुण्यात बी.ए.च्या आणखी एका कॉलेजची निकड खरोखरच उरलेली नव्हती. मग ठेवीचा हेतू राखायचा आणि द्विरुक्ती टाळायची, तर मार्ग एकच: पुण्यातील इतर कॉलेजे जे करत नाहीत, ते येथे करायचे. ऑगस्ट १९३९ मध्ये डेक्कन कॉलेज पदव्युत्तर व संशोधन संस्था म्हणून उघडले. खेर मंत्रिमंडळाने त्याच वर्षी नोव्हेंबरात, महायुद्धाच्या प्रश्नावर, राजीनामा दिला. उद्घाटन आणखी तीन महिने लांबते, तर काय झाले असते हे सांगणे कठीण आहे.

काय परत आले

नव्या संस्थेचे विषय होते भाषाशास्त्र, संस्कृत, प्राचीन भारतीय इतिहास व पुरातत्त्व, मराठ्यांचा इतिहास आणि समाजशास्त्र-मानवशास्त्र. सु. मं. कत्रे, ह. धी. सांकळिया आणि इरावती कर्वे ही पहिल्या फळीची माणसे. सांकळियांनी पुरातत्त्व राजमहालांच्या आणि नाण्यांच्या इतिहासातून बाहेर काढून नदीकाठच्या दगडी हत्यारांपर्यंत आणि मातीच्या भांड्यांपर्यंत नेले. गुजरातेतील लांघणज, नंतर प्रवरेकाठचे नेवासे, पुढे घोडनदीकाठचे इनामगाव: महाराष्ट्रातला शेतकरी तीन-साडेतीन हजार वर्षांपूर्वी काय पेरत होता, कशा घरात राहत होता आणि आपली मृत मुले घराच्या जमिनीखाली कशी पुरत होता, हे आपल्याला ठाऊक आहे ते बव्हंशी या दगडी इमारतीतून निघालेल्या माणसांमुळे. इरावतीबाईंनी नातेसंबंध, जाती आणि वारीची वाट यांवर जे काम केले, त्याचे घरही हेच.

१९३९ सालीच साताऱ्याचे ऐतिहासिक संग्रहालय येथे हलवण्यात आले. द. ब. पारसनिसांनी गोळा केलेली चित्रे, नकाशे आणि कागदपत्रे त्यात होती, आणि त्यांत नाना फडणविसांचे मेणवली दप्तरही होते. पेशव्याच्या वाड्यातून निघालेल्या संस्थेत पेशव्यांच्या कारभाऱ्याचे कागद मुक्कामाला आले.

येथे पाठशाळेशी असलेले साम्य दिसू लागते. १८६८ च्या कॉलेजचे काम तरुणांना पदवी देऊन जगात पाठवण्याचे होते, आणि ते त्याने सरकारला नको इतक्या चांगल्या रीतीने केले. १८२१ च्या पाठशाळेचे काम निराळे होते: थोडी माणसे, सार्वजनिक पैशावर, एका शास्त्रात आयुष्यभर. १९३९ नंतर संस्था पुन्हा त्या कामाकडे वळली, यावेळी जातीची अट नसताना, आणि पोथीबरोबर खणलेली माती हाती घेऊन. दावा लावणाऱ्यांपैकी कुणी हे मागितले होते असे मला वाटत नाही. त्यांना आपल्या तारुण्यातले कॉलेज हवे होते.

आणि ते गेले, ही हानी लहान मानू नये. टिळकांची खोली जपून ठेवलेली आहे, येणारे-जाणारे तिथे नमस्कार करतात. पण ज्या शेजारच्या खोलीत आगरकरांसारखा एखादा भांडायला, समजूत काढायला आणि पुन्हा भांडायला असावा लागतो, ती नांदती रांग जपता येत नाही. संशोधन संस्थेत वीस वर्षांची शंभर मुले रात्री जागत नाहीत. पुण्यातल्या पुढच्या चळवळी इतर वसतिगृहांतून निघाल्या.

१९४८ साली कत्र्यांनी ऐतिहासिक तत्त्वांवर संस्कृत-इंग्रजी कोशाचे काम येथे सुरू केले. ऋग्वेदापासून सतराव्या-अठराव्या शतकापर्यंतचे दीड हजारांच्या आसपास ग्रंथ वाचून, त्यांतील शब्द कागदाच्या चिठ्ठ्यांवर उतरवण्यात आले. एका चिठ्ठीवर एक शब्द, तो ज्या वाक्यात आला ते वाक्य, ग्रंथाचे नाव आणि त्यातले स्थान. अशा सुमारे एक कोटी चिठ्ठ्या धातूच्या कपाटांच्या खणांत रांगेने लावून ठेवलेल्या आहेत. खण ओढला की पिवळट पडलेल्या चिठ्ठ्यांच्या कडा दिसतात, आणि त्यांवरची अक्षरे वेगवेगळ्या हातांची आहेत. शब्द उतरवणारे कितीतरी हात आता हयात नाहीत. पहिला खंड १९७६ साली छापून निघाला. त्यानंतर एकूण खंडांची संख्या तिसाच्या वर गेली आहे, १९९० साली संस्थेला अभिमत विद्यापीठाचा दर्जाही मिळाला आहे, आणि कोशाचे छापील काम अजून 'अ' या अक्षराने सुरू होणाऱ्या शब्दांतच आहे.